‘क्विट’ म्हणावे की ‘रिझाइन’?

रमजानला दोन आठवडे राहिले होते. पुलगावहून आपाचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘बाबू, तुझ्या भाच्याला जरा समजाव. नोकरी सोडली ती सोडली, आता ते लोक कागद देत नाहीत.’’

भाचा बुटीबोरीच्या एका कंपनीत दोन वर्षे कामाला होता. नागपुरात जास्त पगाराची जागा मिळाली म्हणून त्याने आधीची सोडली. यात वावगे काही नाही, तरुण मुलाने पुढे जावेच. पण सोडली कशी? रात्री साडेदहा वाजता साहेबांच्या व्हॉट्सॲपवर चार शब्द टाकून : ‘आय क्विट फ्रॉम टुमॉरो.’ खाली हात जोडल्याचे चित्र. साहेब चिडले. अनुभवाचे प्रमाणपत्र आणि शेवटच्या महिन्याचा पगार दोन्ही अडकले. इकडे नव्या ठिकाणी ते प्रमाणपत्र आठ दिवसांत हजर करायचे होते.

मी त्याला वर्ध्याला बोलावून घेतले. जेवण झाल्यावर विषय काढला तर पोरगा म्हणाला, ‘‘मामू, मी काय शिवी दिली? क्विट म्हणजे सोडणे. डिक्शनरीत बघा. आणि ‘क्विट इंडिया’ नव्हते का म्हटले? ते तर इंग्रजांनाच म्हटले होते, तेही आपल्या वर्ध्यातून!’’

तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले, पण क्षणभर मलाही उत्तर सुचले नाही. कारण पोरगा बोलला ते खोटे नव्हते. जो शब्द 1942 साली पूर्ण देशाने सन्मानाने उच्चारला, तोच शब्द आज एका साहेबाला उद्धट का वाटला? त्या रात्री आम्ही दोघे बसलो ते बारा वाजेपर्यंत. त्या बोलण्यातले बरेचसे इथे देतो. ज्या घरात मुले आता इंग्रजीत अर्ज, ई-मेल आणि मुलाखती करू लागली आहेत त्या घरांना ते कामी येईल.

आधी 1942 चे पाहू. त्या वर्षी मार्चमध्ये क्रिप्स साहेब बोलणी करायला आले आणि हात हलवत परतले. गांधीजींचा मुक्काम सेवाग्रामला होता. जुलैच्या 6 तारखेपासून काँग्रेस कार्यसमितीची बैठक वर्ध्यात भरली. अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. 14 जुलैला ठराव झाला : हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेचा तत्काळ अंत झाला पाहिजे. ठरावाच्या इंग्रजीत त्यासाठी जो शब्द आला तो ‘विथड्रॉवल’, म्हणजे सत्ता काढून घेणे. ठरावाला तो शोभतो. पण ठराव वेगळा आणि लोकांच्या तोंडी बसणारी घोषणा वेगळी. आर्वीच्या बाजारात किंवा मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर ‘विथड्रॉवल’ कोण ओरडणार?

घोषणेचा शब्द कसा ठरला याची एक प्रसिद्ध आठवण शांतीकुमार मोरारजी यांनी नोंदवून ठेवली आहे. हे जहाज उद्योगातले गृहस्थ गांधीजींच्या निकटचे होते. मुंबईत गांधीजी सहकाऱ्यांशी बोलत होते. कोणी सुचवले, ‘गेट आउट’. गांधीजींनी ते असभ्य म्हणून नाकारले. राजाजींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विथड्रॉ’ असे शब्द पुढे केले. तेही पसंत पडले नाहीत. मग युसूफ मेहेरअली यांनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले. त्यावर कोरले होते ‘क्विट इंडिया’. गांधीजी म्हणाले, ‘आमेन.’ आमेन म्हणजे आपला आमीनच.

युसूफ मेहेरअली हे नाव आपल्या घरांत जितके ऐकू यायला हवे तितके येत नाही, म्हणून दोन ओळी त्यांच्याविषयी. जन्म मुंबईचा, 1903 सालचा, खोजा घराण्यातला. शिक्षण कायद्याचे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि 1942 मध्ये मुंबईचे महापौर. तुरुंगवासाने प्रकृती खंगली आणि 1950 साली, पन्नाशीही न गाठता ते गेले. ‘सायमन गो बॅक’ ही 1928 ची घोषणाही त्यांचीच मानली जाते. म्हणजे एकाच माणसाने चौदा वर्षांच्या अंतराने इंग्रजांना दोनदा ‘जा’ म्हटले, आणि दोन्ही वेळा शब्द वेगळे निवडले. ‘गो बॅक’ ही बंदरावर काळी निशाणे दाखवून करायची आरोळी आहे. कमिशन बोटीने आले, बोटीनेच परत जा. त्या जागी ती बरोबर होती. पण दीडशे वर्षे बसलेल्या राजवटीला ‘गो बॅक’ म्हणून भागत नाही.

भाच्यापुढे मी कागद ठेवला आणि हे सारे शब्द एकाखाली एक लिहिले. डिक्शनरीत सगळ्यांचा अर्थ जवळपास एकच येईल : निघणे, जाणे, सोडणे. पण वजन?

‘गेट आउट’ तर तू शाळेत ऐकले आहेस, म्हटले. वर्गात गडबड करणाऱ्या पोराला मास्तर म्हणतात ते. बोलणाऱ्याचा राग त्यात दिसतो, त्याचा हक्क दिसत नाही. ‘रिट्रीट’ हा लष्करी शब्द, हरलेली फौज मागे हटते तो. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते, मार्चमध्ये रंगून. इंग्रज सगळीकडून माघारच घेत होते. अशा वेळी आपणही ‘रिट्रीट’ म्हटले असते तर तो जपानच्या विजयाचा सूर झाला असता, असे मला वाटते. शिवाय मागे हटलेली फौज पुन्हा चाल करून येऊ शकते. ‘विथड्रॉ’ मध्ये हुकूम नाही, राग नाही, पण तो कागदावरचा शब्द. बँकेतून पैसे विथड्रॉ करतात, अर्ज विथड्रॉ करतात. ‘लीव्ह’ फारच सौम्य. पाहुणाही घर ‘लीव्ह’ करतो.

आणि ‘क्विट’? हा शब्द कायद्याच्या घरातला. मालक भाडेकरूला जागा खाली करण्याची जी रीतसर सूचना देतो तिला इंग्रजीत ‘नोटीस टू क्विट’ म्हणतात. आपल्याकडच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हेच शब्द आहेत. आता ‘क्विट इंडिया’ पुन्हा वाचा. त्यात घर कोणाचे आणि भाडेकरू कोण हे एका शब्दात ठरून जाते. अपशब्द नाही, विनवणीही नाही. मेहेरअलींच्या मनात नेमके हेच होते असे मी छातीठोक म्हणणार नाही, पण कायदा शिकलेल्या माणसाच्या कानाला हा अर्थ ऐकू आला नसेल असे मानवत नाही. या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या मोकळा, निवांत अशा अर्थाच्या शब्दात आहे. ‘ॲक्विट’, म्हणजे निर्दोष सोडणे, हाही त्याच घराण्यातला.

भाचा म्हणाला, ‘‘मग तेच तर म्हणतो मी!’’

म्हटले, थांब. नोटीस टू क्विटमध्ये आधी काय आहे? नोटीस. महिनेवारी भाड्याच्या जागेलाही कायदा पंधरा दिवसांची मुदत देतो. इंग्रजांनासुद्धा वर्ध्यात 14 जुलैला सांगितले आणि मुंबईच्या गवालिया टँकवर 8 ऑगस्टला शिक्कामोर्तब केले. मध्ये साडेतीन आठवडे गेले. तू साडेदहाला सांगितलेस आणि सकाळपासून बंद. नेमणूक पत्रात एक महिन्याची अट होती की नव्हती? त्याने मान खाली घातली. होती.

दुसरे असे की शब्द वयाबरोबर जागा बदलतात. आजच्या ऑफिसच्या इंग्रजीत ‘क्विट’ हा मित्रांत बोलायचा शब्द झाला आहे. ‘त्याने नोकरी क्विट केली’ हे चहाच्या टपरीवर चालते. साहेबाला तोंडावर ‘आय क्विट’ म्हणणे म्हणजे टेबलावर किल्ल्या आपटून निघून जाणे. कागदावर लिहायचा शब्द ‘रिझाइन’. आणि नोकरी संपल्यावर कंपनीने आपल्याला मोकळे करायचे त्याला ‘रिलीव्ह’. नव्या मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली’ असे विचारले तर ‘लेफ्ट’ म्हणावे, साधे आणि पुरेसे. म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोस्ताला ‘क्विट’, साहेबाला ‘रिझाइन’, मुलाखतीत ‘लेफ्ट’.

‘‘पण एवढे लफडे कशाला? आपल्या भाषेत असे नसते.’’

आपल्या भाषेत याहून जास्त असते, फक्त ते आईच्या मांडीवर शिकल्यामुळे कळत नाही. गल्लीत म्हातारे बाबा गेले तर कोणी ‘मेले’ म्हणत नाही. शेजारचे देशमुख काका ‘वारले’ म्हणतात, आपण घरात ‘इंतकाल झाला’ म्हणतो, आलिम असतील तर ‘वफात’, वर्तमानपत्र ‘निधन’ छापते आणि नगरपालिकेचा कागद ‘मृत्यू’ म्हणतो. पाच शब्द, आणि आपाला कोणी शिकवावे लागत नाही की कुठे कोणता. साहेबाकडे रजा मागताना मराठीत ‘मला रजा पाहिजे’ असे आपण लिहीत नाही. ‘रजा मिळावी ही विनंती’ असे लिहितो. त्या ‘मिळावी’ मध्येच अदब आली. घरात अब्बांना ‘आप’, मित्राला ‘तू’. आपल्याकडे नम्रता क्रियापदात आणि सर्वनामात बसलेली असते. इंग्रजीत सर्वनाम एकच, ‘यू’. राजालाही तेच आणि पोस्टमनलाही तेच. जुन्या इंग्रजीत ‘दाऊ’ होते, ते नेहमीच्या बोलण्यातून गेले. मग अदब ठेवायची कुठे? शब्दाच्या निवडीत. म्हणून ‘आय वॉन्ट लीव्ह’ हे व्याकरणाने बरोबर असूनही इंग्रज कानाला हुकूम वाटते, आणि ‘मे आय हॅव’ किंवा ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट’ म्हटले की तीच मागणी ‘मिळावी’ होते. आपली मुले मनात मराठी-उर्दू अदब ठेवून बोलतात, पण ती अदब इंग्रजीत उतरताना वाटेत गळून जाते. त्याचा दोष संस्कारांना द्यायचे कारण नाही.

इंग्रजीत जोडीजोडीने शब्द का, याचे कारणही आपल्याला परके नाही. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. दरबार, कचेरी, कोर्ट त्यांच्या भाषेत चालले, शेत आणि चूल जुन्या इंग्रजीत राहिली. म्हणून रानात चरते ते ‘शीप’ आणि ताटात येते ते ‘मटन’. एक धनगराचा शब्द, दुसरा खाणाऱ्या सरदाराचा. (आपल्याकडे मटन म्हटले की बकऱ्याचेच समजतात. शब्दाने समुद्र ओलांडला तेव्हा जनावरही बदलले!) तसेच ‘हेल्प’ घरचा, ‘असिस्ट’ दरबारी. ‘बाय’ घरचा, ‘पर्चेस’ दरबारी. ‘आस्क’ घरचा, ‘रिक्वेस्ट’ दरबारी. मात्र नियम पक्का धरायला जाऊ नये, माणूस फसतो. ‘विथड्रॉ’ जुन्या इंग्रजी तुकड्यांचा असूनही कागदी झाला, आणि फ्रेंच घराण्यातला ‘क्विट’ आज टपरीवर बसला आहे.

मराठीत हे काम फारसी-अरबीने केले. वर्ध्याच्या कोर्टात आजही अर्ज, फिर्याद, जामीन, वकील, तारीख यांशिवाय पान हलत नाही. शिवछत्रपतींच्या काळी ‘राजव्यवहारकोश’ करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी हे शब्द टिकले, कारण ते लोकांचेच झाले होते. आणि ज्या 1942 साली वर्ध्यात तो ठराव झाला, त्याच साली इथे हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली. नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाणारी, सर्वांना कळणारी भाषा असावी, हा तिचा आग्रह होता. शब्द तोलण्याची या गावाला सवयच आहे म्हणा ना.

भाच्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्याने मदरशात ऐकली होती, पण या प्रसंगाशी जोडून नव्हे. सूरह बकरामध्ये ईमानवाल्यांना सांगितले आहे की, ‘राइना’ म्हणू नका, ‘उन्जुरना’ म्हणा. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच : आमच्याकडे लक्ष द्यावे. पण पहिल्या शब्दाला वाकडे करून काही लोक पैगंबरांची (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) टिंगल करीत. म्हणून चांगल्या मनाने बोलणाऱ्यांनीही तो शब्द सोडून दुसरा घ्यावा, असा आदेश आला. बोलणाऱ्याचे मन साफ असणे पुरेसे नाही, ऐकणाऱ्याच्या कानाचाही विचार आहे. आणि सूरह ताहामध्ये हजरत मूसा आणि हजरत हारून (अलैहिमुस्सलाम) यांना फिरऔनकडे पाठवताना मऊपणाने बोलायला सांगितले आहे. फिरऔनशी! मागणी मात्र तसूभर कमी केलेली नव्हती. बनी इस्राईलला आमच्याबरोबर जाऊ दे, हीच ती मागणी. ‘गेट आउट’ नाकारून ‘क्विट’ घेताना मागणी कमी झाली नव्हती, तसेच.

शब्द सभ्य निवडले म्हणून इंग्रज सभ्य वागले असे मात्र झाले नाही. 9 ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली, मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. 16 ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यात आष्टीला पोलीस ठाण्यापुढे गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांत रशीद खाँ यांचेही नाव आहे. तालुक्याला आज आष्टी (शहीद) म्हणतात ते त्यामुळे. त्या लोकांपैकी किती जणांना इंग्रजी येत होते? पण ‘क्विट इंडिया’ चे ‘चले जाव’ झाले होते, ‘छोडो भारत’ झाले होते. मराठीत ‘चालते व्हा’ म्हणता आले असते, पण रूढ झाले ते ‘चले जाव’. ‘चालते व्हा’ मध्ये पुन्हा ‘गेट आउट’ चाच वास येतो.

याच वर्ध्याच्या पत्त्यावरून गांधीजींनी 23 जुलै 1939 ला हिटलरला लिहिलेले छोटे पत्र आहे. सरकारने ते पोचू दिले नाही. त्याची सुरुवात ‘डिअर फ्रेंड’ अशी आहे, ‘डिअर सर’ अशी नाही. व्हाइसरॉय आयर्विन यांना 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी लिहिले तेव्हाही ‘डिअर फ्रेंड’ च. हे गांधीजींना शोभले. आपल्या मुलांनी बँकेच्या मॅनेजरला ‘डिअर फ्रेंड’ लिहू नये, ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ च बरे.

मोठा शब्द म्हणजे सभ्य शब्द, ही आपल्याकडची दुसरी गैरसमजूत. आपल्या इंग्रजी अर्जांत ‘काइंडली डू द नीडफुल’ असते, ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’ असते. ‘रिव्हर्ट’ चा परदेशी कानाला अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे असा लागतो, उत्तर देणे असा नाही. (इंग्रजी बोलणाऱ्या मुस्लिमांत तर इस्लाम स्वीकारलेल्या माणसाला ‘रिव्हर्ट’ म्हणतात. लंडनच्या एखाद्या मुस्लिम बाईंना ‘रिव्हर्ट’ लिहून पाठवले तर काय समजतील?) ‘रिप्लाय’ हा साधा शब्द सगळीकडे चालतो. तीच गत ‘एक्स्पायर्ड’ ची. आपल्याकडे दवाखान्यापासून शोकसंदेशापर्यंत माणूस ‘एक्स्पायर’ होतो. औषधाच्या पाकिटावर आणि लायसन्सवर असतो तो हाच शब्द. परदेशातल्या मित्राचे वडील गेले तर ‘पास्ड अवे’ लिहावे. सरकारी कागदाचा शब्द मात्र सरळ ‘डेथ’. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही तोच आहे. कायद्याला साधा शब्द चालतो, आपल्यालाच अवघड हवा असतो. आणि कोणी अशा वेळी ‘आय ॲम सॉरी’ म्हटले तर ती माफी नव्हे, दुःखात सामील होणे आहे. ‘तुम्ही काय केले, सॉरी कशाला’ असे म्हणायचे नसते.

रात्री बाराला भाच्याने फोन बाजूला ठेवून कागदावर पत्र लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘आय डीपली अँड सिन्सिअरली अपॉलजाइझ’ पासून ‘हंबली बेग’ पर्यंत सगळे होते. मी ‘बेग’ खोडायला लावले. भीक कशाला मागायची, दोन वर्षे काम केले आहे. शेवटी उरल्या पाच ओळी : घाईत पाठवलेल्या संदेशाबद्दल ‘रिग्रेट’, नोटीस न दिल्याची कबुली, त्या दिवसांचा पगार नियमाप्रमाणे कापावा, ‘रिझाइन’ करीत आहे, ‘रिलीव्ह’ करावे ही विनंती. सकाळी स्वतः जाऊन देऊन आला. उभे राहून ‘सॉरी सर’ म्हटले. तिथे ‘रिग्रेट’ चालले नसते, तो कागदावरच ठीक.

सहा दिवसांनी प्रमाणपत्र आले. पगारातून कपात झालीच. आपाने ते पत्र उलटसुलट करून पाहिले आणि फोनवर मला त्यातला एक शब्द अडखळत वाचून दाखवला, ‘रिलीव्ह्ड’. अर्थ विचारला.

‘‘सुटका केली, असा.’’

‘‘कोणाची?’’ आपा म्हणाली, ‘‘ह्याची की त्यांची?’’